इंग्रजी लेखन जोडीने/गटाने: एक लिहितो, बाकीचे बघतात. करायचं काय?

खडूफळा
मराठी माध्यम, नववी, पटावर ५८, तास ३५ मिनिटांचा. इंग्रजीचं लेखन 'गटात मिळून' करून घ्या असं प्रशिक्षणात सांगतात आणि पाठाखालच्या उपक्रमांतही तेच असतं. प्रत्यक्षात सहा जणांचा गट केला की जिचं इंग्रजी बरं ती लिहिते, एक जण समास आखतो, एक शीर्षकाखाली दुहेरी रेघ मारतो आणि उरलेले खिडकीबाहेर बघतात. शेवटी सहा नावांचा एक कागद हातात येतो, त्यातून कोणाला काय आलं ते कळत नाही.

गट किती जणांचा असावा? आपसात मराठीत बोलू द्यावं का? गुण कसे द्यायचे? आणि मुळात याचा उपयोग होतो का, की फळ्यावर निबंध लिहून दिलेला बरा?

आठवणी नकोत, त्यांचे धागे पुष्कळ झालेत. 'असं करा, इतका वेळ द्या, इथे फसतं' अशा स्वरूपात लिहिलंत तर उपकार होतील.

झणझणीत
दुहेरी रेघवाल्याला पूर्ण गुण द्या. पुढे सरकारी खात्यात मोठा होणार आहे तो.

(पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.)

कर्दळ
फसतंय ते सहाच्या आकड्यामुळे. सहा जणांत एक कागद म्हणजे चौघांना तो उलटाच दिसतो. ज्याला कागद वाचताच येत नाही तो बोलणार काय? दोघं सर्वात उत्तम, बाकच तिघांचं असेल तर तिघं. चौथा आला की गळती सुरू.

दुसरी गोष्ट लेखणीची. जोडीला एकच कागद, एकच पेन. आणि नियम असा की ज्याच्या हातात पेन आहे त्याने स्वतःचं वाक्य लिहायचं नाही, शेजाऱ्याने सांगितलेलंच लिहायचं. पटलं नाही तर थांबवायचं, वाद घालायचा, ठरलं की लिहायचं. दर दोन वाक्यांनी पेन बदलायचं. हुशार मुलीच्या हातात पेन आलं की तिला गप्प शेजाऱ्याकडून वाक्य काढून घ्यावंच लागतं, आणि त्याच्या हातात आलं की तिला आपलं वाक्य मोठ्याने, तुकड्यातुकड्यांत सांगावं लागतं. तेव्हा तो विचारतो, 'हॅज की हॅव?' तुम्हाला हवं आहे ते नेमकं हे.

खोडरबर आणि व्हाइटनर दप्तरात. चुकलं तर एक आडवी रेघ, वर दुरुस्ती. खोडलेलं दिसलं पाहिजे, कारण वाद कुठे झाला ते तिथेच कळतं. स्वच्छ कागद आला तर समजा एकाने लिहिलंय आणि दुसऱ्याने मान डोलावली आहे.

शेवटचाबाक
कर्दळ यांना अनुमोदन. तिघांच्या बाकासाठी भर: तिसऱ्याकडे पेन नाही, शब्दकोश. त्याला वाक्य सांगायचंही काम नाही, फक्त शंका काढायची आणि शोधायचं. दर दोन वाक्यांनी तिघंही एकेक जागा सरकतात.

मोठी मेख जोड्या लावण्यात आहे. आपल्याकडे सरसकट 'हुशार आणि कच्चा' अशी जोडी लावतात. हुशार शिकवेल, कच्चा शिकेल ही कल्पना. होतं उलटंच. मेलबर्नच्या नेओमी स्टॉर्च यांनी २००२ मध्ये जोड्यांच्या वागण्याचे चार प्रकार मांडले. एकात दोघं बरोबरीने बोलतात आणि एकमेकांचं ऐकतात. दुसऱ्यात दोघंही आपलंच दामटतात. तिसऱ्यात एक हुकूम सोडतो आणि दुसरा गप्प बसतो. चौथ्यात एक जास्त जाणतो पण दुसऱ्याला बोलतं ठेवतो. पहिल्या आणि चौथ्या प्रकारातल्या जोड्यांमध्ये जे शिकलं ते पुढे टिकल्याच्या खुणा जास्त मिळाल्या. हुकूमवाल्या आणि भांडकुदळ जोड्यांत कमी.

म्हणून चाचणीतल्या फक्त लेखनाच्या गुणांवरून यादीचे चार थर करा. अ-ब, ब-क, क-ड अशा जोड्या चालतात. अ-ड नाही. अ-अ जोडी चांगलं लिहिते, पण एकदा कान देऊन ऐका, बऱ्याचदा दोघंही दामटणारी निघतात. ड-ड ला मोकळा निबंध देऊ नका, त्यांना वाक्यांची सुरुवात लिहून द्या.

जोडी निदान महिनाभर तीच ठेवायची. दर तासाला बदललीत तर पहिली दहा मिनिटं लाजण्यात जातात.

मी_परभणीकर
हे सगळं वाचायला छान आहे. २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, तरी नववीत 'माय नेम इज' च्या पुढे वाक्य न जाणारी दहा-बारा मुलं प्रत्येक वर्गात सापडतील. त्यांनी वाद कशावर घालायचा? आणि २९ जोड्या एकदम बोलायला लागल्या की शेजारच्या वर्गाचे गणिताचे सर दारात उभे. शिवाय बोर्डात शेजाऱ्याला विचारून लिहिता येत नाही.

झणझणीत
विचारतात हो, फक्त पेन एकच नसतं.

ओसरी
परभणीकर, आवाजाचा मुद्दा खरा आहे. 'हळू बोला' म्हणून काही होत नाही. बाकावर समोरासमोर बसवलं की आवाज चढतो, शेजारी शेजारी एका कागदावर वाकून बसले की आपोआप उतरतो. म्हणजे बाकं फिरवायची नाहीत. वर्गाची रचना आहे तशीच ठेवून चालतं हाही फायदा.

'माय नेम इज' वाल्या मुलांबद्दल: त्यांना विषय दिला की ती पाठ असलेलं ओततात. 'रेनी सीझन', 'माय फेव्हरिट टीचर' हे विषय जोडीने द्यायचेच नाहीत. दोघांनाही तोच निबंध त्याच गाईडातून येतो, मग ठरवायचं काय उरतं? दोघांकडे वेगवेगळी माहिती असलेलं काम द्या. एकाच्या चिठ्ठीवर एसटीचं वेळापत्रक, दुसऱ्याच्या चिठ्ठीवर पाहुण्याच्या अडचणी: आजीला जिने चढवत नाहीत, काकांना दुपारी साडेतीनच्या आत पोहोचायचंय, सामानात आंब्याच्या दोन पेट्या. चिठ्ठी एकमेकांना दाखवायची नाही, वाचून सांगायची. दोघांनी मिळून पाहुण्यांना पत्र लिहायचं: कोणत्या गाडीने या, कुठे उतरा, न्यायला कोण येईल. सात-आठ वाक्यांत संपतं. पत्राचा मसुदा बोर्डालाही लागतोच.

चिठ्ठी मराठीत छापलेली नको. मराठीत दिलीत तर भाषांतर सुरू होतं. तक्ता, चित्र, आकडे, सुटे इंग्रजी शब्द, इतकंच.

तिसरंरूप
खडूफळा, तुमच्यासारख्या वर्गात सुरुवात मोकळ्या लेखनाने करूच नका. डिक्टोग्लॉसने करा. रुथ वाजनरिब यांनी १९९० मध्ये ही पद्धत पुस्तकरूपात मांडली. नाव भारी आहे, काम सोपं आहे: ऐकलेला छोटा उतारा जोडीने पुन्हा उभा करायचा. काय लिहायचं हा प्रश्न सुटलेला असतो, कसं लिहायचं एवढाच उरतो.

उतारा नववीला ३५ ते ५० शब्दांचा, पाच वाक्यं. एकच व्याकरणाचा मुद्दा तीन-चार वेळा आला पाहिजे. नवे शब्द तीनपेक्षा जास्त नकोत आणि ते आधीच फळ्यावर. हा ३८ शब्दांचा उतारा वापरून बघा, प्रयोग बदलाचा मुद्दा आहे:

'सिंधुदुर्ग इज अ सी फोर्ट निअर मालवण. इट वॉज बिल्ट ऑन अ रॉकी आयलंड कॉल्ड कुरटे. द वर्क वॉज स्टार्टेड इन १६६४. मोल्टन लेड वॉज यूज्ड इन द फाउंडेशन. टुडे द फोर्ट इज व्हिजिटेड बाय थाउजंड्स ऑफ टूरिस्ट्स.'

फळ्यावर 'रॉकी', 'मोल्टन लेड', 'फाउंडेशन' अर्थासकट. मग नेहमीच्या गतीने एकदा वाचा, पेनं खाली. दुसऱ्यांदा त्याच गतीने, आता प्रत्येकाने आपल्या वहीत फक्त महत्त्वाचे शब्द टिपायचे. वाक्य लिहायचा प्रयत्न केला तर हातातून निसटतं, तसं निसटायलाच हवं. त्यानंतर जोडीने एका कागदावर उतारा तयार करायचा. शब्दशः तोच नको, अर्थ तोच आणि व्याकरण शुद्ध. शेवटी मूळ उतारा दाखवून तुलना.

कानावर काय पडतं बघा. 'बिल्ट' मधला शेवटचा 'ट' ऐकूच येत नाही, टिपणात असतं 'बिल्ड'. 'वॉज' तर बहुतेकांच्या टिपणात नसतंच. मग बाकावर साधारण हे घडतं:

'इट बिल्ड ऑन अ आयलंड.'
'किल्ला काय स्वतः बांधेल? वॉज पाहिजे. वॉज बिल्ड.'
'वॉज नंतर तिसरं रूप. बिल्ड-बिल्ट-बिल्ट.'
'मग स्टार्टेड? ते तर दुसरं आहे.'
'त्याचं दुसरं-तिसरं सेमच.'
'आणि अ आयलंड की ॲन आयलंड?'
'मध्ये रॉकी आहे ना. अ रॉकी.'

पाऊण मिनिटात तीन मुद्दे, तेही त्यांनी स्वतः उकरलेले. फळ्यावर रूपांचा तक्ता महिनाभर टांगून ठेवलात तरी 'किल्ला काय स्वतः बांधेल' हा प्रश्न तक्त्यातून निघत नाही.

कुठे फसतं: सगळ्यात जास्त शिक्षकाच्या वाचण्यात. आपल्याला श्रुतलेखनाची सवय, प्रत्येक दोन शब्दांनी थांबतो. थांबलात की मुलं उतारा जसाच्या तसा उतरवतात आणि बोलायला काही शिल्लक राहत नाही. तिसऱ्यांदा वाचण्याची मागणी होईल. ड थर जास्त असेल तरच वाचा. दुसरी फसगत तुलनेच्या वेळी. मूळ उतारा दाखवला की मुलं स्वतःची बरोबर वाक्यंही खोडून मूळची लिहितात. 'द वर्क बिगॅन इन १६६४' हेही बरोबर आहे, ते राहू द्या, फक्त आपण कर्मणी वापरतोय का एवढं विचारा.

निशिगंध_
वाचनखूण साठवली. जाता जाता, सिंधुदुर्ग संपला की पुढचे उतारे तयारच आहेत: रयत शिक्षण संस्था १९१९ मध्ये काले गावी स्थापन झाली, १९२४ मध्ये साताऱ्याला आली. 'वॉज फाउंडेड', 'वॉज शिफ्टेड' आपसूक येतं. इतिहासाच्या पुस्तकातून उतारे घेतले की मजकूर मुलांना माहीत असतो आणि सगळं लक्ष भाषेकडे जातं.

अनाहूत
जरा पाणी ओततो. संशोधनाचे दाखले येताहेत तर पूर्ण द्या.

स्टॉर्च यांचाच २००५ चा अभ्यास आहे, २३ विद्यार्थ्यांचा. जोडीने लिहिलेले मजकूर लहान निघाले पण जास्त अचूक आणि वाक्यरचनेने जास्त गुंतागुंतीचे. मात्र जोडीने लिहायचं की एकट्याने, हे विद्यार्थ्यांनी स्वतः निवडलं होतं. म्हणजे ज्यांना जोडी मानवते तेच जोडीत होते. पुढे २००९ मध्ये विगल्सवर्थ आणि स्टॉर्च यांनी ४८ जोड्या आणि ४८ एकेकटे अशी तुलना केली, तिथे अचूकता वाढलेली दिसली, पण मजकुराची लांबी किंवा गुंतागुंत यांत फरक नाही. हे सगळे ऑस्ट्रेलियाच्या विद्यापीठात इंग्रजीतून शिकणारे प्रौढ. नववीच्या ५८ मुलांशी त्यांचा संबंध किती?

आणि मूळ हरकत वेगळीच आहे. दोन डोक्यांनी लिहिलेला कागद जास्त शुद्ध असणारच, दोघांनी तपासलाय. त्यावरून प्रत्येकाला एकट्याने लिहिता येऊ लागलं हे सिद्ध होत नाही.

कर्दळ
अनाहूत, हरकत रास्त. म्हणूनच जोडीचा कागद हा शेवट धरायचा नाही. सोमवारी जोडीने सिंधुदुर्ग केला तर गुरुवारी प्रत्येकाने एकट्याने दहा मिनिटांत पाच वाक्यं लिहायची, विषय तसाच पण दुसरा: गावातली शाळेची इमारत, धरण, देऊळ. कधी बांधलं, कशाचं बांधलं, आज कोण वापरतं. त्यात 'वॉज बिल्ट' जागेवर आलं का एवढंच बघायचं. परभणीकरांच्या बोर्डाच्या मुद्द्यालाही हेच उत्तर. जोडी ही सरावाची जागा, परीक्षा एकट्याचीच.

संशोधन बाजूला ठेवलं तरी बोलण्यात काय घडतं ते बघायला हवं. मेरिल स्वेन यांनी कॅनडातल्या फ्रेंचमधून शिकणाऱ्या इंग्रजीभाषक मुलांवरून १९८५ मध्ये मुद्दा मांडला होता. मुलांना ऐकून-वाचून समजतं उत्तम, पण स्वतः बोलताना-लिहिताना व्याकरण डळमळतं, कारण समजून घेताना प्रत्यय सोडून दिले तरी काम भागतं. आपल्या मुलांचंही तेच होतं. 'ही गो टू स्कूल' वाचणाऱ्याला कळतं, म्हणून 'गोज' ची गरज पडत नाही. शेजारी बसलेला अडवतो तेव्हा ती पडते.

मी_परभणीकर
शेजारीही 'ही गो' च म्हणणारा असेल तर?

तिसरंरूप
तर दोघं मिळून चूक पक्की करतात. हा धोका खरा आहे आणि ड-ड जोड्यांत जास्त. तीन उपाय एकदम लागतात. बाकावर शब्दकोश आणि रूपांची यादी. दोघांची खात्री नसेल तिथे समासात प्रश्नचिन्ह. शिक्षक फिरताना फक्त प्रश्नचिन्हं बघतो, अख्खा कागद वाचत नाही, म्हणून २९ जोड्यांपैकी निम्म्या तरी पुऱ्या होतात. आणि उत्तर द्यायचं नाही, नियमाकडे बोट दाखवायचं: 'कर्ता कोण? एक की अनेक?'

प्रश्नचिन्हच न काढणारी जोडी सगळ्यात जास्त अडचणीत असते. त्यांच्याकडे आधी जा.

ओसरी
मराठीत बोलण्याचा प्रश्न राहिला. माझं मत स्पष्ट: बोलू द्या. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, जे येतं त्यात. 'इंग्लिश ओन्ली' लावलंत की कच्चा मुलगा गप्प होतो आणि हुशार मुलगी एकटी लिहिते, म्हणजे फिरून खडूफळांच्या सहाच्या गटात. वर तिसरंरूप यांनी दिलेला 'किल्ला काय स्वतः बांधेल' हा प्रश्न इंग्रजीत विचारायला लावा बघू.

मर्यादा एकच. बोलायचं मराठीत, पण आधी पूर्ण मराठी परिच्छेद तयार करून मग भाषांतर करायचं नाही. तसं केलं की क्रियापद शेवटी जातं आणि 'जो', 'ज्यामुळे' यांनी बांधलेली दीड ओळीची वाक्यं इंग्रजीत ओढून आणली जातात. तुकडा घ्यायचा, इंग्रजीत म्हणून बघायचा, मग लिहायचा.

अनाहूत
इथे असहमत. चर्चेतली दोन-चार वाक्यं तरी इंग्रजीत हवीत, नाहीतर वर्षभरात तोंडातून इंग्रजी निघणारच नाही. फळ्यावर कायम लिहून ठेवा: 'आय थिंक इट शुड बी...', 'व्हाय नॉट...?', 'हाऊ डू यू स्पेल इट?', 'लेट्स चेक.' कारणमीमांसा मराठीत, ही वाक्यं इंग्रजीत.

ओसरी
चालेल. चारच वाक्यं असतील तर माझी हरकत नाही. वीस केलीत की तीही पाठांतराला जातील.

भटकातारा
साखळी गोष्टीबद्दल कोणी बोललं नाही. एकाने वाक्य लिहायचं, कागद पुढे, दुसऱ्याने पुढचं. मुलांना भयंकर आवडतं.

शेवटचाबाक
आवडतं, पण ते मिळून लेखन नव्हे, पाळीपाळीने लेखन. आधीच्या चुकीला कोणी हात लावत नाही. पहिल्या वाक्यात 'देअर वॉज अ किंग', चौथ्यात 'किंग इज गोइंग', सातव्यात राजाची 'शी' झालेली असते. परिच्छेद वाटून घेतलेल्या निबंधातही असेच सांधे दिसतात. आधीचं वाक्य दुरुस्त केल्याशिवाय पुढचं लिहायचं नाही आणि केलेल्या बदलाखाली आद्याक्षर, एवढा नियम घातलात तर साखळीही चालते.

झणझणीत
राजाची शी झाली तर तो वर्ग कोण आवरणार? (हलके घ्या.)

निशिगंध_
हसून हसून पुरेवाट.

मोठ्यांच्या वर्गांसाठी, कॉलेज किंवा नोकरीवाल्यांसाठी, गूगल डॉक्सबद्दल लिहिते. एका फाइलवर दोघं असले म्हणजे मिळून लिहितात असं नाही. दोन कर्सर दोन परिच्छेदांत बसतात आणि शेवटपर्यंत एकमेकांकडे फिरकत नाहीत. उपाय: पहिला मसुदा होईपर्यंत एकानेच टंकायचं, दुसरा फोनवर किंवा शेजारी बसून सांगणार. दुसऱ्या फेरीत फाइल सूचनांच्या मोडवर टाकायची, म्हणजे बदल थेट होत नाही, दुसऱ्याला तो मान्य किंवा अमान्य करावा लागतो. अमान्य केला तर शेरा लिहायचा. कोणी किती काम केलं ते आवृत्तींच्या इतिहासात नावानिशी दिसतं, पण टंकलेल्या शब्दांवरून गुण देऊ नका, सांगणारा तिथे दिसतच नाही.

शुद्धलेखन आणि व्याकरणाच्या सूचना बंद करा, नाहीतर लाल-निळ्या रेघाच शेजाऱ्याचं काम करतात.

भटकातारा
आता तर चॅटजीपीटी आहे, शेजारी हवाय कशाला?

तिसरंरूप
शेजारी अडतो, चुकतो, विचारतो. चॅटजीपीटी बरोबर उत्तर देऊन मोकळं होतं आणि बोलणं तिथेच संपतं. वापरायचंच तर शेवटी: जोडीचा तयार कागद त्याला द्या, त्याने केलेल्या बदलांपैकी पाच निवडा आणि प्रत्येकासमोर 'चूक होती' की 'नुसतं वेगळं' ते जोडीने ठरवायचं. चॅटजीपीटी अनेकदा बरोबर वाक्यही उगाच सजवतं, ते ओळखणं हा चांगला सराव आहे.

सावधान_विश्राम
गुणांचं बोला, पालक तिथेच येऊन धडकतात. दहापैकी वाटणी अशी ठेवली की तक्रार राहत नाही: जोडीच्या कागदाला ४, दोघांना सारखे. गुरुवारच्या एकट्याच्या लेखनाला ४. उरलेले २ तोंडी: कागदावरच्या एखाद्या खोडलेल्या जागेवर बोट ठेवून दोघांपैकी कोणालाही विचारायचं, 'हे का बदललं?' कोणाला विचारणार ते आधी सांगायचं नाही. गप्प बसणाऱ्याला शेजारीच पढवून ठेवतो, आणि तेच आपल्याला हवं असतं.

तपासताना सगळ्या चुका लाल करू नका. एका वेळी दोनच प्रकार, समासात खूण: काळासाठी 'का', आर्टिकलसाठी 'आ'. खूण ओळीसमोर, चूक नेमकी कुठे ते जोडीने शोधायचं. ५८ ऐवजी २९ कागद तपासायचे असतात, त्यामुळे खुणा करून परत देऊन पुन्हा तपासायलाही वेळ उरतो. आर्टिकलची खूण मात्र पहिल्या महिन्यात नको. मराठीत हा प्रकारच नाही, त्यामुळे त्यावर जोड्या सगळ्यात जास्त भांडतात आणि सगळ्यात जास्त चुकीचा निकाल लावतात.

खडूफळा
भरभरून मिळालं, सगळ्यांचे आभार. आता मूळ अडचणीवर या. ३५ मिनिटांपैकी हजेरी आणि वह्या यांत पाच जातात. तिसरंरूप यांची पद्धत ३० मिनिटांत बसवून दाखवा. आणि माझ्याकडे बाकं दोघांची आहेत, पण एक रांग मुलींची, दोन मुलांची.

तिसरंरूप
नवे शब्द आणि अर्थ ३ मिनिटं. दोन वाचनं मिळून २, उतारा लहान आहे. जोडीचं लेखन १२. त्यानंतर दोन जोड्यांनी कागद अदलाबदल करून दुसऱ्यांच्या कागदावर फक्त प्रश्नचिन्हं काढायची, ५ मिनिटं. मूळ उतारा फळ्यावर किंवा रोल-अप फळ्याच्या मागे आधीच लिहून झाकलेला, तुलना ६. राहिलेली २ मिनिटं कागद गोळा करायला. तासातच लिहायला बसलात तर सात मिनिटं उतारा लिहिण्यातच जातात, म्हणून तो आधी लिहून ठेवणं टाळू नका.

शेवटचाबाक
मुलगे-मुली रांगांचं: रांग मोडू नका, सुरुवातीला त्याच रांगेत जोड्या लावा. थर जुळत नसतील तर एक बाक पुढे-मागे करा. कागद अदलाबदल मात्र रांगेबाहेर करा, तिथे बोलावं लागत नाही, फक्त प्रश्नचिन्हं जातात.

कर्दळ
वेळापत्रकात एक बदल सुचवते. पहिल्या खेपेला अदलाबदल वगळा आणि ती पाच मिनिटं लेखनाला द्या. पेन कधी बदलायचं, कोण सांगणार, कोण लिहिणार हे अंगवळणी पडेपर्यंत १२ मिनिटांत पाच वाक्यं होत नाहीत, साडेतीन होतात. दुसऱ्या-तिसऱ्या उताऱ्यापासून अदलाबदल.

मी_परभणीकर
माझ्याकडे तिघांची बाकं आणि पट ६४. शेवटच्या बाकावर एकटाच उरतो, त्याचं काय?

शेवटचाबाक
त्याला एकटं ठेवू नका. पुढच्या बाकावरचा एक त्याच्या शेजारी पाठवा, म्हणजे वीस बाकांवर तिघं आणि दोन बाकांवर दोघं. दोघांच्या बाकावर शब्दकोश मध्ये ठेवायचा. आणि रोज तोच मुलगा मागे पाठवू नका.

खडूफळा
सोमवारी सिंधुदुर्ग लावतो, अदलाबदल न करता. गणिताच्या सरांना आधीच सांगून ठेवलंय.